पान सतरावरचं टिंब

तीन कोंबड्या छापखाना,
ड्रमकोरा, लायट्रिम
४ मार्च १९५७

प्रिय बार्टली मामा,

झालं बाई एकदाचं तुमचं पुस्तक! दोन प्रती या पुडक्यात आहेत. सुतळी हाताने सोडा, सुरी लावू नका. मागे एका कवीने घाईघाईत स्वतःच्याच पुस्तकाचं पोट फाडलं आणि वर आम्हालाच लिहिलं, की बांधणी कच्ची आहे.

आधी वास घ्या, मग वाचा. मिस टान्सी म्हणतात, शाईचा वास पंधरा दिवस टिकतो, कविता किती टिकतात ते कवीने बघावं. त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. शाळेत चाळीस वर्षं पोरं वळवली आणि आता आमच्याकडे छपाईचे खिळे जुळवतात, त्यामुळे जीभ तशी आहे. पण तुमचं एकेक अक्षर त्यांनी स्वतः उचलून लावलंय, आणि तेविसावं पान जुळवताना चष्मा दोनदा पुसला. मी पाहिलं.

दुसरी बातमी. डब्लिनच्या एका ग्रंथालयात ईस्टरनंतर छोट्या छापखान्यांचं प्रदर्शन आहे. त्यांनी आमचा इतिहास मागितलाय, दोन पानांत. एकवीस वर्षं दोन पानांत! तुमच्यावरच घासून बघते, कंटाळा आला तर सांगा.

१९३६ साली नोनी आत्या पोस्टातून निवृत्त झाली. तिच्या मैत्रिणी विणकामाला लागल्या, ही छापखाना काढायला निघाली. शेजारच्या गावातलं एक साप्ताहिक बंद पडलं होतं आणि त्यांचं हाताने ओढायचं यंत्र अंगणात पावसात उभं होतं. आत्याने ते गाढवाच्या गाडीवर घातलं. पुलाजवळ गाडी कलंडली आणि यंत्र ओढ्यात गेलं. चार दिवस तिथेच होतं. रविवारी फादरनी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना सांगितली, तेव्हा कुठे गावातले अकरा जण दोर घेऊन आले. आज त्या अकरांपैकी प्रत्येक जण छातीवर हात मारून म्हणतो, हा छापखाना मीच काढला. आणि खोटं म्हणता येत नाही.

ठेवायला जागा एकच, कोंबड्यांची खोली. तिन्ही कोंबड्या काही हटेनात. पहिल्या पुस्तकाची ओली मुखपृष्ठं वाळत घातली होती, त्यावरून त्यातल्या एक बाई ठुमकत गेल्या. एकतीस प्रतींवर पाऊल उमटलं, आणि त्याच एकतीस प्रती आधी संपल्या. मग आत्याने कोंबड्यांचंच नाव छापखान्याला दिलं, आणि ते पाऊल झालं चिन्ह. लढाईच्या दिवसांत कागद मिळेना, तेव्हा डेअरीतून लोणी गुंडाळायचा कागद आणून एक कवितासंग्रह काढला. एका टीकाकाराने लिहिलं, या कविता हातातून निसटतात.

असो. सांगायचं ते हे, की तुमचं धरून एकोणीस पुस्तकं झाली आणि एकातही शुद्धिपत्राची चिठ्ठी नाही. नोनी आत्याला त्या चिठ्ठीची भारी चीड. ती म्हणायची, “पुस्तकात चिठ्ठी चिकटवायची म्हणजे पाहुण्यांना दारातच सांगायचं, घर आवरलेलं नाही.” जाताना माझा हात धरून शेवटचं काय म्हणाली माहितीये? “डेलिया, प्रूफं तीनदा वाच.” देवाचं नाव त्यानंतर घेतलं.

तेव्हा इतिहासाचं शेवटचं वाक्य ठरलेलं आहे: एकवीस वर्षं, एकोणीस पुस्तकं, चूक एकही नाही. कसं वाटतं?

तुमची भाची,
डेलिया गेराटी


इनिशडारा
१८ मार्च १९५७

डेलिया,

तुझं शेवटचं वाक्य खोडून टाक.

पान सतरा काढ. काढलंस? माझी ‘त्याची होडी’ ही कविता तिथे असायला हवी. तुला आयरिश शिकवायला नको, पण आज शिकवतोच. आपल्या भाषेत ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ याला एकच शब्द. कोण ते कळतं पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून. होडीच्या ‘ब’वर टिंब दिलं की त्याचा उच्चार ‘व’ होतो आणि होडी होते त्याची. टिंब नसलं की ‘ब’चा ‘ब’ राहतो आणि होडी होते तिची. एवढंसं टिंब. माशी बसली तरी काम झालं असतं. तुझ्या पानावर टिंब नाही. मथळ्यात नाही, आत नाही, कुठेच नाही. सात वेळा नाही!

माझा भाऊ कोलमन, देव त्याला शांती देवो, त्याच्या होडीवर मी कविता लिहिली. आता ती अशी झाली आहे:

दर वसंतात डांबर लावतो तिच्या होडीला,
फळीफळीवरून बोट फिरवतो हलक्या हाताने,
आणि जे कुणाला सांगितलं नाही
ते सांगतो तिच्या होडीला.

या बेटावर स्वतःची होडी असलेली बाई एकच आहे. फेस्टी फोलनची विधवा, बॅबीन. खेकड्यांच्या टोपल्या एकटी टाकते, एकटी उचलते, आणि बोटीत तिच्या समोर बसायला फादरसुद्धा घाबरतात. कविता कुणाची ते शोधायला कुणाला दिवा लावावा लागला नाही.

काल सेंट पॅट्रिकचा दिवस. अख्खं बेट चर्चबाहेर उभं. आमचे लॅव्हेल मास्तर पुस्तक घेऊन भिंतीवर चढले आणि त्यांनी नेमकी तीच कविता काढली. प्रत्येक ‘ब’ असा फोडला, की मेंढ्या दचकल्या. आधीच ईस्टरपूर्वीचे उपासाचे दिवस, लग्नं बंद, लोकांना करमणूक हवीच होती. उपासाच्या पहिल्या रविवारी पोरं ब्रह्मचाऱ्यांच्या कोटावर खडूने फुली मारतात, ते मी चाळीस वर्षं सोसतोय. काल घरी येऊन कोट काढला तर पाठीवर खडूने होडी काढलेली. शीड, वल्ही, सगळं. दोन माणसं बसलेली.

आणि बॅबीन? गर्दीत माझ्या समोरच उभी होती.  शाल डोक्यावर ओढली आणि चालू लागली. आता मी तिच्या दारात कसा जाऊ? एप्रिल आला, तिच्या होडीला डांबर कोण लावणार? अकरा वर्षं मीच लावतोय, फेस्टी गेल्यापासून. त्यात तसलं काही नाही. शेजारधर्म आहे.

तेव्हा चिठ्ठी छाप. दीडशे प्रतींत दीडशे चिठ्ठ्या, ईस्टरच्या आत. तुझी आत्या वर काय म्हणेल ते तू बघ. मला इथे राहायचं आहे.

बार्टली

ता. क. तेविसावं पान चांगलं छापलंय.


ड्रमकोरा
२२ मार्च १९५७

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. काय लिहू? चूक झाली. माफ करा. एकवीस वर्षांत हे वाक्य लिहायची वेळ आली नव्हती, त्यामुळे नीट लिहिता येत नाही.

मला वाटतं कसं झालं ते कळतंय. जुन्या आयरिश वळणाचे टिंबवाले खिळे आमच्याकडे मोजकेच. टिंबवाले ‘ब’ तर अवघे अकरा. एका पानाला पुरतात, दोन पानं एकदम जुळवली की कमी पडतात. त्या वेळी बहुतेक साधेच घातले, मागाहून बदलू म्हणून, आणि राहून गेलं. नवे कुणी ओतत नाही. सरकारात म्हणे ठरतंय, की टिंबं काढून टाकायची आणि अक्षरापुढे रोमन ‘एच’ लावायचा. तसं झालं तर आमचे सगळे खिळे भंगारात.

हे मी मिस टान्सींना सांगितलं तर त्या ताडकन म्हणाल्या, “सतरावं पान मी एकटं जुळवलं. खिळ्यांच्या केसमध्ये टिंबवाले ‘ब’ शिल्लक होते. मला आठवतंय.” मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “नसतील. माझं वय झालं.” तेव्हापासून जेवण नाही. काल राजीनामा लिहून आणला. त्यात एक स्वल्पविराम चुकला होता, तो सुधारायला परत घेऊन गेल्या, म्हणून अजून माझ्याकडे आलेला नाही.

चिठ्ठी छापतेय. मजकूर असा: पान १७ वर ‘तिची होडी’च्या जागी सर्वत्र ‘त्याची होडी’ असे वाचावे. पसंत आहे का?

आता दोन गोष्टी. रागवू नका.

एक. कोलमन मामांची होडी एक्केचाळीसच्या वादळात फुटली ना? आई सांगायची, तिच्या फळ्यांची तुम्ही कोंबड्यांची खुराडी केलीत. मग दर वसंतात डांबर लावता ती होडी कुठली? मी आपलं छापणारीचं डोकं लावून विचारतेय, कवितेत चालत असेल.

दोन. तुमच्याच बेटावरून मागणी आली आहे. सहा प्रती. सही आहे ‘बी. फोलन’. पत्र मास्तरांच्या अक्षरात आहे, खाली फक्त सही तिची, आणि ती सहीसुद्धा कागद फाटेल इतकी दाबून केलेली. सहा प्रतींचं एक बाई काय करते? पाठवू का? चिठ्ठी लावून पाठवू की तशाच?

डेलिया


इनिशडारा
२९ मार्च

डेलिया,

सहा?

पाठवू नकोस. म्हणजे चिठ्ठी लावून पाठव. नाही, थांब. मास्तरांना विचारलं तर नुसते हसतात आणि खिशातला पाइप शोधतात. तिला छापलेलं आयरिश वाचता येत नाही. आमच्या वयाच्या कुणालाच येत नाही, शाळेत इंग्रजीच होतं. मी सुद्धा तिशी उलटल्यावर शिकलो. मग सहा घेऊन करणार काय? चूल पेटवणार असेल. सहा वेळा.

होडीचं विचारू नकोस. कवितेत चालतं.

इथे भलतंच चाललंय. गेल्या मंगळवारी सकाळी दार उघडलं तर बॅबीनची होडी माझ्या खिडकीखाली उलटी घातलेली. तिच्या घरापासून माझं घर वाळूवरून पाव मैल आहे! एकटीने ओढत आणली असणार. घासून, खरवडून लख्ख. शेजारी डांबराचं डबडं, झाकण उघडं, आत ब्रश उभा. आणि बाई गायब. आज चौथा दिवस. पाऊस आला तेव्हा डबड्यावर झाकण मी ठेवलं. सकाळी पाहिलं तर परत उघडं.

अर्थ सरळ आहे. ती मला सांगतेय, माझी होडी मी रंगवीन, तू बघत बस. अख्ख्या गावासमोर माझ्या नाकावर टिच्चून. एवढा अपमान माझा या बेटावर झाला नव्हता. चिठ्ठ्या पाठव लवकर.

बार्टली


ड्रमकोरा
२ एप्रिल १९५७

अहो मामा,

मी छप्पन्न वर्षांची आहे, लग्न केलं नाही, आणि माझ्याजवळ तीन कोंबड्या आणि मिस टान्सी एवढाच संसार आहे. तरी मला कळतं, की बाईने खिडकीखाली होडी आणून ठेवली आणि डबड्याचं झाकण दोनदा उघडलं तर त्याला काय म्हणतात. तुम्ही कविता लिहिता म्हणे!

तुमचं पत्र मी मिस टान्सींना वाचून दाखवलं. दहा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. “हा माणूस,” त्या म्हणाल्या, “माझ्या वर्गात असता तर पाच वर्षं पहिलीतच बसला असता.”

आता मुद्द्याचं. बसून वाचा.

टान्सीबाईंना चैन पडेना. त्यांनी काल तुमची वही पत्र्याच्या पेटीतून काढली. तुम्ही टिंब देता ना, मामा, ते असं दाबून देता, की पान उलटलं तरी बोटाला लागतं. बाईंनी डोळे मिटून पानापानावर बोट फिरवलं. सगळीकडे टिंबं. सोळाव्या पानावर एकोणीस. अठराव्यावर बावीस. सतराव्यावर ज्या इतर अक्षरांवर हवीत तिथे सगळी आहेत, आणि त्या सात ‘ब’वर एकही नाही. शाई पुसलेली नाही, कागद खरवडलेला नाही. दिलेलीच नाहीत. जसं होतं तसं बाईंनी जुळवलं. आणि प्रूफावर तुमची सही आहे: ‘वाचलं, बरोबर आहे.’ तारखेसह.

तेव्हा आमची चूक नाही. टान्सीबाईंनी दोन अंडी आणि अर्धा पाव खाल्ला. राजीनामा चुलीत गेला.

पण मला जिंकल्यासारखं वाटत नाही, खरं सांगते. दीडशे चिठ्ठ्या छापून टेबलावर पडल्यात. छापखान्यात पाऊल टाकलं की आधी त्याच दिसतात. हवं तर आत्ता चिकटवते, आणि डब्लिनवाल्यांना कळवते की एकोणिसाव्या पुस्तकात चूक झाली. आत्याचं नाव खाली गेलं तर जाऊ दे. तुम्हाला त्या बेटावर राहायचंय, ते मोठं. पण मामा, चिठ्ठीवर मी छापणार आहे, की खरं काय आणि खोटं काय. छापणारीने एकदा तरी विचारायला हवं. होडी कुणाची?

तुम्ही सांगाल ते करीन. परत विचारणार नाही.

डेलिया

ता. क. सहा प्रती पाठवल्या. चिठ्ठीशिवाय. तुम्ही “नाही, थांब” लिहिलं होतंत, पण थांबून पुढे काय ते लिहिलं नव्हतंत.


(पोस्टकार्ड)
इनिशडारा
६ एप्रिल

चिठ्ठ्या माझ्याकडे पाठव. दीडशेच्या दीडशे. बाकी बोलू नकोस.

बार्टली


ड्रमकोरा
१५ एप्रिल १९५७

प्रिय मामा,

चिठ्ठ्या आठ तारखेला टाकल्या. मिळाल्या का? तुमचं काही पत्र नाही. वारा होता म्हणून बोट आली नसेल, असं मी म्हणते. टान्सीबाई म्हणतात, वारा नव्हता.

मी फार बोलले का? बोलायची सवय आहे, आत्याची. तुम्ही माझ्या आईचे भाऊ, आणि आई गेल्यावर त्या बेटावर माझं म्हणावं असं एकच माणूस उरलंय. कविता कुणाचीही असो. एक ओळ टाका.

डब्लिनवाल्यांना दोन पानं पाठवायचीत, शुक्रवारपासून सुट्टी. शेवटचं वाक्य मोकळं ठेवलंय.

डेलिया


इनिशडारा
ईस्टरचा सोमवार, २२ एप्रिल १९५७

डेलिया पोरी,

चिठ्ठ्या मिळाल्या. संपल्यासुद्धा. एकही पुस्तकात गेलेली नाही. डांबराचा ब्रश आणि हात पुसायला फार उपयोगी पडल्या. तुझा कागद चांगला आहे, शोषून घेतो. डब्लिनवाल्यांना जे लिहायचं होतं ते लिही, आणि माझ्याकडून लिही, की चूक छापखान्याची नव्हती. चूकच नव्हती.

आता सांगतो. तू एकदाच विचारलंस, म्हणून एकदाच.

कविता कोलमनची नाही. कधीच नव्हती. लिहिली तेव्हा टिंबं नव्हतीच. मनात ठरवलं होतं, छापायला देताना सात टिंबं टाकून द्यायची. मेलेल्या भावाच्या होडीसाठी कवी रडला तर लोक टोप्या काढतात, कुणी पाठीवर खडू मारत नाही. पुस्तक पाठवायच्या दिवशी सगळी वही घेऊन बसलो, तुम्ही म्हणता तशी दाबून दाबून टिंबं दिली. सतरावं पान आलं. तिथली बाकीची टिंबं दिली आणि त्या सात ‘ब’पाशी थांबलो. पेन दौतीत बुडवलं आणि तसाच बसलो. चुलीवरची किटली कोरडी पडून जळायला लागली, तेव्हा उठलो. मग पान उलटलं. स्वतःला म्हटलं, उद्या देऊ. उद्या टपालाची बोट होती, वही तशीच गेली.

आणि प्रूफ आलं तेव्हा मला दिसलं होतं. दिसलं होतं गं. सही केली. मग पुस्तक आलं, मास्तर भिंतीवर चढले, आणि मी घाबरून तुझ्यावर ओरडलो. मिस टान्सी माझ्यामुळे दहा दिवस उपाशी राहिल्या. एवढी लाज मला त्या खडूच्या होडीची वाटली नाही. त्यांना सांग, पहिलीत बसवा, मी बसतो.

चिठ्ठ्या आल्या तेव्हा ठरवलं, एक बॅबीनला नेऊन द्यायची, एक मास्तरांना, आणि विषय मिटवायचा. आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. चार वेळा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. शनिवारी सकाळी दार उघडलं, तर ती होडीच्या कण्यावर बसलेली. मांडीवर तुझं पुस्तक.

“तीन आठवडे झाले,” ती म्हणाली. “लाकूड सुकून फटी पडल्या. किती वाट बघायची?”

“मला वाटलं, तू स्वतः लावणार आहेस.”

“स्वतः लावायचं असतं तर पाव मैल ओढून आणली असती का रे, बावळटा?”

मी खिशातली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने उलटसुलट पाहिली.

“यात काय आहे?”

“पुस्तकात चूक झालीये. टिंब राहिलंय. होडी त्याची आहे, असं लिहिलंय.”

“कुणी लिहिलंय?”

“छापलंय.”

“मला छापलेलं वाचता येत नाही,” ती म्हणाली. “मास्तर एक सांगतात, हा कागद दुसरं सांगतो. मास्तरांनी तीनदा वाचून दाखवलं, आणि मी सहा पुस्तकं मागवली. पाच बहिणी आहेत माझ्या बॉस्टनला. पाचही जणी पत्रात विचारत असतात, तुझं त्या उदास बेटावर आता आहे कोण? म्हटलं, जाऊ दे एकेक पुस्तक. पण पाठवली नाहीत अजून.”

“का?”

“मास्तरांच्या तोंडून ऐकलं म्हणून. तुझ्या तोंडून कुठे ऐकलंय? कागदावर टिंब देता येतं, पुसता येतं, वर आणखी कागद चिकटवता येतो. तोंडाला टिंब नसतं, बार्टली. म्हण.”

“काय?”

“कविता. तुझीच आहे ना? म्हण.”

डेलिया, तू छापणारी आहेस, तुला वाटत असेल की एका टिंबाचा फरक सगळ्यात अवघड तुझ्याकडेच असतो. तसं नाही. टिंब असलं तर ‘व’. ‘व’ म्हणायला ओठ उघडे ठेवले की झालं, वारा येतो-जातो, काही ठरत नाही. ‘ब’ म्हणायचा तर ओठ मिटावे लागतात. मिटल्याशिवाय ‘ब’ होत नाही. आणि ती समोर बसून माझ्या ओठांकडे बघत होती. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. वादळात होडी सोडली आहे, बर्फासारख्या पाण्यात बुडी मारली आहे. हे त्याहून अवघड होतं.

पहिली ओळ म्हणालो.   ओठ मिटले. दुसऱ्यांदा मिटले. तिसऱ्यांदा आपोआप मिटले. शेवटापर्यंत म्हणालो, सातही वेळा, आणि मग माझ्याजवळ म्हणायला काही उरलं नाही.

 वाऱ्याने पुस्तकाची पानं फडफडत होती, ती तिने हाताने दाबून धरली. डोळे पुसले, का तर म्हणे वाळू गेली.

“मग अकरा वर्षं,” ती म्हणाली, “तोंड उघडं टाकून काय हिंडत होतास?”

आणि ब्रश माझ्या हातात दिला. दुसरा तिने शालीखालून काढला. यंदा तिच्या होडीला डांबर लावायला आम्ही दोघं होतो.

बार्टली